सहाव्या वर्षाची दाढ

१

हाडाचं चित्र काढताना उजेड नेहमी वरून, डावीकडून पडतो असं धरायचं. खरी खिडकी कुठे का असेना. ही शिस्त मला नागपूरच्या कचेरीत लागली. छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्यांची नवी आखणी झाली, भोपाळ राजधानी झाली आणि आमच्या पुरातत्त्व खात्याची कपाटं, खोकी नि माणसं इकडे आली. माझे यजमान गोपीनाथ सचिवालयात कारकून. त्यांचीही बदली झाली म्हणून बरं, नाहीतर मला नोकरी सोडावी लागली असती. आम्ही दोघं आणि आमची मुलगी कांचन, असे तिघं नव्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो.

खात्याला जागा मिळाली ती एका जुन्या लष्करी बराकीत. लांबच लांब खोली, वर पत्रे. चार मुलखांतून आलेल्या फायली चार रंगांच्या दोऱ्यांनी बांधलेल्या. माझं टेबल शेवटच्या खिडकीपाशी. साडेदहाला शिपाई बन्नेमियाँ जमिनीवर पाणी शिंपडायचे, मी पेन्सिलींना टोकं काढायची आणि दिवस सुरू व्हायचा. कागदाची सळसळ, पत्र्यावर कबुतरांच्या नख्या, एवढाच काय तो आवाज.

आमचे साहेब काशिनाथ मुंडले. वय बावन्न, पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. नर्मदेच्या काठच्या दरडी त्यांनी पंचवीस वर्षं पालथ्या घातल्या होत्या. दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या, हत्तींचे सुळे मिळाले, पाणघोड्यांच्या दाढा मिळाल्या. कुऱ्हाड घडवणारा माणूस मात्र मिळत नव्हता.

अठ्ठावन्नच्या फेब्रुवारीत, बुदनीच्या खालच्या अंगाला, गोट्यांच्या घट्ट थरात त्यांना तो मिळाला. म्हणजे त्याचा खालच्या जबड्याचा उजवा अर्धा भाग मिळाला. काळपट, दगडासारखा जड. नखाने टिचकी मारली की चिनीमातीच्या बशीसारखा वाजायचा. मूल होतं ते. दुधाच्या दोन दाढा जागेवर होत्या. त्यांच्यामागे हाडाच्या खळग्यात, कडेच्या खाली, कायमच्या पहिल्या दाढेचं टोक दिसत होतं. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते.

"मनोरमाबाई," साहेब म्हणाले, "चित्रं आणि मापं पूर्ण होईपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. एकदाच बोलायचं आणि पक्कं बोलायचं."

२

मे महिन्यात मी पाच बाजूंनी पाच चित्रं काढली. साहेबांनी जबड्याचा प्लास्टरचा ठसा घेतला. मग ते म्हणाले, तुलनेला एखाद्या जिवंत मुलाची मापं हवीत, त्याच वयाच्या.

"आमची कांचन एप्रिलमध्ये सहा पुरी झाली," मी म्हटलं. मीच म्हटलं. त्यांनी मागितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला कचेरीत घेऊन गेले. शाळेला सुट्टी होती. साहेबांनी कॅलिपर, म्हणजे मापं घ्यायचा धातूचा चिमटा, आधी हातावर घासून कोमट केला, तिला गार लागू नये म्हणून. हनुवटीपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंतचं माप घेतलं, कोपऱ्याची उंची घेतली, तोंड उघडायला लावून हिरडी पाहिली. मागची दाढ अजून यायची होती. वहीत दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'नर्मदा', दुसऱ्यावर 'कां., ६ वर्षे'.

कांचनने तेवढ्यात टेबलावरचा जबडा उचलला आणि गालाला लावला. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"आई, किती गार आहे गं!"

"ठेव खाली," मी ओरडले. साहेब हसले. म्हणाले, "असू द्या. खूप दिवसांनी कुणा लहान मुलाजवळ गेला असेल तो."

३

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी चित्रांवर शाई फिरवायला घेतली. शाईआधी प्रत्येक माप पुन्हा ताडायचं असतं. बाहेरच्या बाजूचं चित्र समोर ठेवलं, जबडा वाळूच्या उशीवर ठेवला, आणि दाढेचं टोक हाडाच्या कडेला टेकलेलं दिसलं.

चित्रात ते कडेच्या दीड मिलिमीटर खाली होतं.

मला आधी माझीच लाज वाटली. दीड मिलिमीटर चुकणं म्हणजे आमच्या कामात भलतंच. चित्र फाडून टाकावं असं वाटलं. पण वहीतला आकडा साहेबांच्या हातचा होता, आणि तोही चित्राशीच जुळत होता.

"गाळ निघाला असेल," साहेब म्हणाले. "खळग्यात माती होती, ती झडली. कड स्पष्ट झाली, म्हणून दाढ वर आल्यासारखी दिसते."

"कड तीच आहे, साहेब. ही चीर बघा, चित्रातही आहे. तिच्यापासून मोजलंय मी."

ते प्लास्टरचा ठसा घेऊन आले. दोन्ही शेजारी ठेवले. ठशात दाढ खाली होती, जबड्यात वर.

मग साहेब म्हणाले, "प्लास्टर वाळताना आक्रसतं." आणि ठसा कपाटात ठेवून त्यांनी कपाटाला कुलूप लावलं. प्लास्टर आक्रसलं तर सगळंच आक्रसेल, एकटी दाढ नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

तेव्हापासून ते रोज सकाळी माझ्याआधी येऊ लागले. मी पोचायची तेव्हा कॅलिपर जागेवर ठेवलेला असायचा आणि 'नर्मदा'च्या रकान्यात नवा आकडा असायचा. ऑगस्टमध्ये दाढ कडेच्या वर आली. सप्टेंबरमध्ये जबड्याची लांबी दीड मिलिमीटरने वाढली होती. आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो. मी शाई फिरवायची थांबवली. साहेबांनी विचारलं नाही.

४

कांचनचे खालचे पुढचे दोन दात जूनमध्ये पडले होते. बोबडं बोलायला लागली म्हणून आम्ही तिला चिडवायचो. ऑक्टोबर आला तरी तिथे नवं काही येईना. मागची दाढही नाही.

दसऱ्याला मी तिचा गेल्या वर्षीचा फ्रॉक काढला. टाके उसवून लांबी वाढवायची म्हणून खास दुमड ठेवली होती. दुमड सोडावी लागली नाही.

"कपडा वाचला," गोपीनाथ म्हणाले.

"अहो, ती वाढतच नाहीये."

"मुलं एका चालीने थोडीच वाढतात? नागपूरचं पाणी वेगळं, इथलं वेगळं. शेजारच्या लीलावतीबाईंचा मुलगा नाही का, वर्षभर तसाच होता नि मग ताडमाड झाला."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं. छाती ठीक, पोट ठीक, भूक उत्तम. भूक खरंच उत्तम होती. सकाळी दोन पोळ्या, शाळेत डबा, आल्यावर पुन्हा पोळी. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि वाट बघा म्हणाले.

त्या रात्री मी शिवणाची टेप काढली. ती झोपली होती. हनुवटीपासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत मोजलं. मे महिन्यातला आकडा मला पाठ होता. तोच आला. टेपचा काय भरवसा, असं मी स्वतःला सांगितलं आणि टेप गुंडाळून ठेवली.

५

नोव्हेंबरात एका मंगळवारी साहेब सचिवालयात बैठकीला गेले होते. बन्नेमियाँ दारात उन्हाला बसले होते. मी जबडा उशीवर ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी भिंग घेऊन नीट पाहिला.

दाढ पुरती वर आली होती. एवढं मला अपेक्षित होतं म्हणा. पण तिच्या माथ्यावर एक सपाट, चकचकीत जागा होती. टाचणीच्या डोक्याएवढी. झीज होती ती. झीज मी शेकडो दाढांवर काढली आहे, तिच्याबद्दल मी चुकत नाही. आणि दाढ नुसती झिजत नाही. झिजायला वरची दाढ लागते, मध्ये खाणं लागतं.

बाजूच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. मला वाटलं, ब्रशचा केस. चिमट्याने ओढलं तर मऊसर लागलं. पांढऱ्या कागदावर ठेवलं. हिरवा तंतू होता. मी तो नाकाशी नेला.

मेथी होती. त्या सकाळी मी कांचनच्या डब्यात मेथीची भाजी दिली होती. घड्याळात दीड वाजला होता. तिच्या शाळेची मधली सुट्टी एकला व्हायची.

आमच्याकडे दरडीतले गोटे फोडायचा हातोडा होता. तो खिडकीत असायचा. मी कधी उठले, कधी तो घेतला, मला आठवत नाही. जबडा उशीवर होता आणि माझा हात वर होता. एक घाव पुरला असता.

पण वहीत दोन रकाने होते, आणि घाव त्यातल्या कुठल्या रकान्यावर बसेल हे मला सांगता येत नव्हतं.

"बाई," दारातून बन्नेमियाँ म्हणाले. ते उठून उभे राहिले होते. "रख दीजिए उसे."

मी हातोडा खाली ठेवला.

"हम तो कब से उस मेज़ पर झाडू नहीं मारते," ते हळूच म्हणाले. "बाई, पत्थर चबाता है क्या कहीं? हम रोज़ सुनते हैं. दोपहर में. एक बजे, जब आप लोग खाने जाते हैं."

मी शाळेपर्यंत पळत गेले. कांचन अंगणात लगोरी खेळत होती. डबा रिकामा होता.

६

रविवारी सकाळी साहेब घरी आले. याआधी ते कधी आले नव्हते. कांचन वाढत नाहीये हे मी त्यांना बुधवारी सांगितलं होतं. हातात संत्र्यांची पिशवी होती, नागपूरहून कुणीतरी आणलेली. गोपीनाथांनी त्यांना बाजेवर बसवलं, चहा झाला, नव्या रस्त्यांचं बोलणं झालं.

"कांचन, इकडे ये बघू," साहेब म्हणाले. "तुला आठवतो का हा चिमटा?"

त्यांनी खिशातून कॅलिपर काढला. त्यांनी तो हातावर घासला, कोमट केला, आणि मापं घेतली. तिने तोंड उघडलं. ते पाहत राहिले. त्यांनी ते माप कुठेही लिहून घेतलं नाही.

"जा, खेळ जा," ते म्हणाले. एक संत्रं तिच्या हातात दिलं.

ती गेल्यावर गोपीनाथ म्हणाले, "काय ते स्पष्ट सांगा, साहेब. पोरीच्या काळजीने मनोरमा आठवडाभर धड जेवत नाहीये."

"गोपीनाथराव, मी शास्त्रातला माणूस आहे. मला जे समजत नाही ते मी बोलत नाही. मला फक्त एवढं दिसतंय की एकाचं वाढणं आहे आणि दुसऱ्याचं थांबणं आहे. संबंध मला दाखवता येणार नाही. पण मी संबंध सिद्ध व्हायची वाट बघत बसणार नाही."

"म्हणजे काय करणार?"

"जिथून आणलं तिथे ठेवणार."

मला त्यांचे हात दिसत होते. पंचवीस वर्षं दरडी खणून नखं कायमची काळी झालेले. मी म्हटलं, "साहेब, तुमचं सगळं आयुष्य आहे त्यात."

"हो," ते म्हणाले. "उद्या जीप मागवतो. तुम्ही याल? मला जागा सापडेल, पण सोबत कुणी पाहिलेलं बरं."

७

भोपाळहून बुदनीला आम्ही अकराच्या सुमाराला पोचलो. ड्रायव्हर वर रस्त्यावर थांबला. आम्ही दोघं दरडीच्या कडेने खाली उतरलो. नदी संथ होती, पलीकडच्या वाळवंटावर कुणी कलिंगडाच्या वेलांसाठी खड्डे करत होतं. लख्ख ऊन होतं. भीती वाटावी असं तिथे काही नव्हतं.

साहेबांनी फेब्रुवारीत जागेवर चुन्याची खूण केली होती. पाण्यापासून दोन पुरुष उंचीवर, गोट्यांच्या थरात. जबडा काढल्यावर तिथे त्याच्याच आकाराची खोबण राहिली होती. पाऊस लागू नये म्हणून त्यांनी ती प्लास्टरच्या झाकणाने बंद केली होती. झाकण शाबूत होतं. त्यांनी ते छिन्नीने उचकटलं. आत खोबण स्वच्छ होती. दाढांचे खळगेसुद्धा गोट्यांमधल्या चिकणमातीत उमटलेले.

साहेबांनी कापसातून जबडा काढला आणि खोबणीत घातला.

तो बसेना.

त्यांनी फिरवून पाहिला, थोडा तिरका केला. खोबण लहान होती. जबडा आता तिच्याहून मोठा होता. आमच्यापैकी कुणाला आश्चर्य वाटायला नको होतं. महिनोन् महिने आम्हीच मोजत होतो. तरीही साहेब तिथेच दगडावर बसले आणि म्हणाले, "मनोरमाबाई, मला आत्तापर्यंत वाटत होतं की आपण मोजण्यात चुकतोय."

मग ते उठले. छिन्नीने खोबण मोठी करू लागले. थर कठीण होता. मी सुटलेले गोटे बाजूला करत होते. पाच-सहा इंच आत गेल्यावर छिन्नी एकदम आत शिरली. पलीकडे पोकळी होती.

साहेबांनी वाकून पाहिलं आणि मागे सरकले. मी पुढे झाले. का झाले, कुणास ठाऊक. सवयीने झाले असेन. पाहून काढायचं हीच माझी नोकरी.

उजेड आमच्या मागून, उजवीकडून पडत होता. पोकळीच्या वरच्या बाजूला दातांची ओळ होती, खाली तोंड केलेली. चार दात आणि दोन दाढा. ते काळे नव्हते. पांढरे होते, आणि ओले होते.

मी बाजूला झाले. साहेबांनी जबडा हातात घेतला, कोपरापर्यंत हात आत घातला. त्यांचं तोंड माझ्याकडे होतं, डोळे मिटलेले. हात जरा जास्त वेळ आत राहिला. मग त्यांनी तो बाहेर काढला. रिकामा. धोतराच्या सोग्याला बोटं पुसली.

"बसवलंत?" मी विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "त्याने घेतलं."

गोटे आणि चिखल भरून आम्ही ती जागा बुजवली. प्लास्टर कालवायला त्यांनी सामान आणलं होतं, पण ते काढलंच नाही. चढून वर येईपर्यंत आम्ही मागे पाहिलं नाही. जीपमध्ये त्यांनी उजवा हात सारखा डाव्या हातात धरून ठेवला होता. कढत पाण्यातून काढावा तसा लाल झाला होता.

८

साहेबांनी वही आणि माझी पाचही चित्रं बराकीमागे जाळली. ठसा फोडला. खात्याकडे त्या वर्षाचा अहवाल गेला त्यात हातकुऱ्हाडी होत्या, पाणघोड्याच्या दाढा होत्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि नागपूरला गेले. तिकडून दिवाळीला पत्र यायचं. प्रत्येक पत्रात शेवटी कांचनची चौकशी असायची आणि ती कशी दिसते हे ते कधीच विचारत नसत.

कांचन वाढली. इतकी भराभर, की दोन महिन्यांत फ्रॉकची दुमड सोडली आणि चौथ्या महिन्यात फ्रॉक लीलावतीबाईंच्या पुतणीला देऊन टाकला. डॉक्टर म्हणाले, बघा, गोळ्या लागू पडल्या. गोपीनाथांनी पेढे आणले. ते खरोखर आनंदात होते आणि मीही होते. हे मला सांगितलंच पाहिजे. मी सत्यनारायण घातला, शेजारपाजारच्यांना जेवायला बोलावलं.

पुढचे दात तर आम्ही नदीवर जाऊन आल्यावर नवव्या दिवशी आले. दोन्ही एकदम. सकाळी शाळेला जाताना ती दारात उभी राहून म्हणाली, "आई, बघ ना, आले!" आणि ओठ खाली ओढून दाखवू लागली.

मी तिला उन्हात आणलं. हनुवटी धरून तोंड वर केलं.

मुलांचा नवा दात हिरडीतून वर येतो तेव्हा त्याच्या धारेवर तीन बारीक उंचवटे असतात. करवतीला असतात तसे. चावून चावून ते वर्षा-दोन वर्षांत झिजतात. कांचनच्या दातांना उंचवटे नव्हते. धार सपाट होती, आणि मधोमध पिवळसर रेघ होती. ती रेघ म्हातारपणी दिसते, किंवा ज्यांनी आयुष्यभर वाळूमिश्रित खाणं खाल्लं त्यांच्या दातांवर. अशा रेघा मी बारा वर्षं काढत आले होते.

"छान आलेत का?" तिने विचारलं.

"छान आलेत," मी म्हटलं, आणि तिच्या हनुवटीवरचा हात काढला.

ती दप्तर घेऊन निघाली. फाटकापाशी पोचली तेव्हा मी मागून हाक मारली. तसं काही काम नव्हतं. "कांचन!"

ती लगेच वळली. हसली, हात हलवला, गेली. नाव घेतल्याबरोबर ती वळली, आपलं नाव ओळखायला जराही थांबली नाही. त्या दिवशी मी त्याचाच आधार घेतला. अजूनही घेते.